प्रार्थनेची माफी

प्रिय शिंपीणबाई,

फोन उचलत नाहीस, दुकानही बंद ठेवलंस, म्हणून लिहिते आहे. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड.

माझ्या नवऱ्यावर चिडली असशील तर बरोबरच आहे. मीही चिडले आहे. तुझा उजवा हात थरथरतो आणि हे दुखणं वाढत जाणार, हे तू आपला पाळक म्हणून फक्त त्याच्या कानावर घातलंस. आणि या शहाण्याने रविवारच्या उपासनेत आपल्या शिंपीण भगिनीच्या थरथरत्या हातासाठी अख्ख्या मंडळीला प्रार्थना करायला लावली! त्याचे डोळे मिटलेले होते, माझे उघडे होते. तुझा पांढराफटक चेहरा मी पाहिला. जिचा लग्नाचा झगा तू शिवत होतीस, त्या नवरीच्या आईने पुढच्या बाकावरून वळून तुझ्या हाताकडे पाहिलं, तेही पाहिलं. दुसऱ्याच दिवशी ती कापड परत घेऊन गेली म्हणे, आणि मागोमाग बाकीच्याही. तुझ्यासाठी प्रार्थना मात्र सगळ्या जणी करताहेत.

आपल्याकडची ही खोडच आहे बघ. कुणाचं गुपित चव्हाट्यावर आणलं तर तो चोंबडेपणा, आणि शेवटी आमेन म्हटलं की सेवा.

तेव्हापासून आमच्या घरात कुणी धड जेवलेलं नाही. जाहीर माफी मागणार, असं त्याने चर्चच्या पंचांना सांगितलं. ते भडकलेच. पाळकच प्रार्थनेची माफी मागायला लागला तर लोकांनी देवाकडे यायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. माफी मागायची तर आधी घराची किल्ली टेबलावर ठेवा, असंही सुनावून गेले. घर चर्चचं आहे, तुला माहीतच आहे. तरी तो हटला नाही. मला धडकी भरली आहे, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटतो.

काल त्याने ती माफी मला वाचून दाखवली. छान लिहिली आहे, सगळ्यांना रडवेल अशी. पण ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. त्यात पुन्हा तुझाच हात होता, आणि ऐकणारी पुन्हा तीच मंडळी. तिला विचारलंस का, एवढंच मी म्हटलं. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

म्हणून हे पत्र. तुझ्याबद्दल काय बोलायचं, ते तू ठरव. बोल म्हणालीस तर तो बोलेल, मग घर गेलं तरी चालेल. नको म्हणालीस तर तोंड शिवून बसेल. पंच म्हणतील घाबरला, तेही सोसू. आत्ता तो तुझ्या जिन्याखाली उभा आहे. तू हाक मारल्याशिवाय वर यायचं नाही, आणि आला तरी प्रार्थना करायची नाही, असं मी त्याला बजावलं आहे.

तुझ्या दाराबाहेर बसलेली,
तुझीच पाळकीणबाई