चार मात्रा आधी

प्रिय ताई,

शाळेतला तुझा पियानो दुरुस्त झाला, भावोजींचा गुडघाही वळायला लागला, हे वाचून बरं वाटलं. माझं म्हणशील तर झकास चाललंय. रोज नवं गाव, तशीच न उघडणाऱ्या खिडकीची खोली, आणि त्याच गाण्यात तीच चूक. अकरा वर्षं झाली.

आपली पहिली रेकॉर्ड आठवते? ती कोंदट खोली, भिंतींना टेकवलेल्या गाद्या. घाबरून मी चार मात्रा आधीच ट्रम्पेट तोंडाला लावला. तू पापणीही न हलवता पियानोवर माझ्यामागे आलीस, आणि माझी घोडचूक लोकांना प्रतिभा वाटली. जॅझ म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते, हे तूच शिकवलंस ना? आता ते आयत्या वेळचं कागदावर छापलंय. नवा पियानोवाला तुझी ती सावरासावर तोंडपाठ करून आलाय. परवा मी मुद्दाम वेगळं वाजवलं, तर समोरचे लोक हिरमुसले आणि मॅनेजरने मला चांगलंच फैलावर घेतलं. तो तुकडा जसाच्या तसा वाजवायचा असं करारात आहे म्हणे. खाली सही माझीच आहे, बोलू काय?

मुलाखतीत मी ठोकून दिलं, की ते मुद्दामच केलं होतं. तू रेडिओवर ऐकलंस आणि पत्रात फक्त 'छान बोललास' एवढंच लिहिलंस. बाबांच्या पट्टीनेही मला इतकं लागलं नव्हतं.

अजून एक सांगायचं राहिलंय. रेकॉर्ड गाजल्यावर दौऱ्यासाठी कंपनीवाल्यांनी आपल्याला दोघांनाही बोलावलं होतं. तिला घर सोडून जमणार नाही, असं मीच सांगून टाकलं. तुला विचारलंसुद्धा नाही. तू शेजारी बसली असतीस, तर चूक कुणाची आणि हुशारी कुणाची, हे चार दिवसांत सगळ्यांना कळलं असतं. मला त्याचीच धास्ती होती. तू मात्र समजत राहिलीस, की त्यांना तूच नको होतीस. फार लाज वाटते गं.

रविवारी दुपारी तुमच्या गावच्या सभागृहात माझा कार्यक्रम आहे. पियानोवाल्याला मी परस्पर सुट्टी दिली आहे, मॅनेजरला पत्ता नाही. स्टूल रिकामं असेल. चिडली असशील तर येऊ नकोस, तुझा हक्कच आहे तो. पण आलीस, तर छापलेल्या कागदाकडे बघू नकोस. तुला हवं ते वाजव. या वेळी तुझ्यामागे मी येईन.

तुझाच,
फुंक्या