तिसऱ्या रांगेतल्या तीन खुर्च्या

सोमवार, ११ तारीख

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन मी मुद्दामच केला नाही. तोंडाला येईल ते बोलले असते. लिहिताना निदान शब्द निवडता येतात.

तिसऱ्या रांगेतल्या तीन खुर्च्या मी व्यवस्थापकाच्या हातापाया पडून मिळवल्या होत्या. वहिनीची ड्यूटी होती, ती सुटली. तू आणि दोन्ही मुलं येणार होतात. पडदा उघडला, मी रंगमंचावर आले, आणि पहिली नजर गेली ती त्या रिकाम्या खुर्च्यांवर. आयुष्यभर मी विंगेत स्टुलावर बसून दुसऱ्यांना त्यांची वाक्यं पुरवली. प्रॉम्प्टर म्हणून मला कुणी पाहिलं नाही, पाहायचं कारणही नव्हतं. या नाटकात पहिल्यांदा मला तोंड मिळालं. तेही सुरुवातीच्या प्रवेशापुरतं. सासू येते, भांडते, निघून जाते. मी तुला बजावलं होतं की उशिरा आलात तर मी दिसणारच नाही.

मागच्या गल्लीतल्या सूप-पावाच्या दुकानात खा, हेही सांगितलं होतं. तिथे उभ्याने खाऊन आमची सगळी मंडळी वेळेवर रंगमंचावर उभी राहतात. पण साहेबांना पांढरे टेबलक्लॉथ हवे होते.

आता पुढचं ऐक. माझं शेवटचं वाक्य आलं आणि डोकं कोरं झालं. माझ्या जिभेला काय सवय, तर मी समोरच्या नटालाच त्याचं पुढचं वाक्य हळूच पुरवलं. तो बिचारा गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. नवी प्रॉम्प्टर तोंड उघडं टाकून बसलेली. ही विसरेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तेवढ्यात मागच्या अंधारातून कुणीतरी आगाऊ प्राणी माझं वाक्य मोठ्याने बोलला. प्रेक्षागृह हसलं. तेच वाक्य पुन्हा म्हणून मी आत गेले. मेकअप रागारागानेच पुसून काढला.

दिग्दर्शकांनी सांगितलंय, शनिवारी पुन्हा असं झालं तर भूमिका दुसरीला. तेव्हा शनिवारी तू येऊ नकोस. रिकाम्या खुर्च्या मला आता पाठ झाल्यात.

कळावे. लोभ आहे, पण सध्या तो रागाच्या खाली दबलाय.

तुझी ताई


बुधवार, १३ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दवाखान्यात मिळालं. ते वाचून मी एका पेशंटचा दात जरा जोरातच उपटला.

चूक माझी आहे असं तू धरूनच चालली आहेस. मी चार लोकांना विचारून हॉटेल निवडलं होतं. शांत जागा, कर्कश गाणी नाहीत, खुर्च्यांना पाठ आहे. मुलं आता मोठी झाली. चिमणी सोळाची, दांडगोबा चौदाचा. टेबलावर बसून चार घास सभ्यपणे खायला कधी शिकणार? फोन माझ्या खिशात जमा करून घेतले. घास नीट चावा म्हटलं, तर दोघांनी असे चेहरे केले की जणू मी औषधच पाजतोय. दांडगोबाला फक्त तळलेले बटाटे हवे होते आणि ते मेनूत नव्हते. तो गाल फुगवून बसला. सूप यायला उशीर झाला हे खरं, पण घाईचं जेवण मला मान्य नाही. आणि तुमची नाटकं वेळेवर सुरू झालेली मी तरी पाहिलेली नाहीत.

चिमणीचं सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष. तीनदा म्हणाली, उठूया. मी म्हटलं, ताटातलं संपल्याशिवाय कुणी उठणार नाही. तर ही बाई खुर्ची मागे ढकलून सरळ चालती झाली. शेजारच्या टेबलावर माझे पेशंट सहकुटुंब बसले होते. त्यांच्यासमोर माझी शोभा झाली.

आम्ही पोचलो तेव्हा दारं बंद. मध्यंतरात ही जिन्यावर बसलेली सापडली. कुठे होतीस विचारलं तर तोंडातून शब्द नाही. अजूनही नाही. तिचा फोन माझ्याकडे आहे आणि शनिवारी ती घरातच राहणार. सुट्टीभर तुझ्याशी फोनवर तासन्‌तास नाटकाच्या गप्पा मारून ती अशी शेफारली आहे, हेही लिहून ठेवतो.

तुझा राग ओसरला की लोभ करावा. माझा ओसरलेला नाही.

धाकटा


गुरुवार

ती. आत्यास,
शि. सा. न.

फोन बाबांकडे आहे म्हणून पत्र. नाट्यगृहाच्या दारवानकाकांकडे देतेय.

मी पळतच आले होते. तू मला सुट्टीत विंगेत नेलं होतंस, म्हणून काकांनी ओळखलं आणि मागच्या भिंतीशी उभं राहू दिलं. तू आलीस. तो हिरवा शालू तुला छान दिसतो. तू भांडलीस तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतला माणूस ताठ बसला.

मग तू थांबलीस. फोनवर सराव करताना नेहमी थांबायचीस तिथेच. “दार मी उघडलं होतं, लावून घेणाऱ्या तुम्ही कोण?” हे वाक्य तुला सुट्टीभर मीच पुरवलं होतं ना. मी प्रॉम्प्टरची वाट पाहिली. ती काही बोलेना. मला हळू म्हणायचं होतं, पण पळून दम लागला होता, आवाज मोठाच निघाला.

तो आगाऊ प्राणी मीच, आत्या. लोक हसले तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाबांना सांगितलं नाही. बाबा म्हणाले असते, हॉटेलात शोभा केलीस ती केलीस, तिथेही केलीस. माझं ताट नंतर त्यांनीच संपवलं, दांडगोबाने सांगितलं. नीट चावून.

मला बाबांचा फार राग येतोय. शनिवारी मला येता येणार नाही. तू परत अडलीस तर?

लोभ पूर्वीइतका ठेव, जमलं तर.

तुझी चिमणी


शुक्रवार, १५ तारीख

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. थोडक्यात लिहिते, तालीम आहे. पत्र आजच मिळावं म्हणून दारवानाच्या हाती पाठवतेय.

त्या अंधारात माझं वाक्य कुणी बोललं ते मला कळलं. तुझी पोर, उपाशीपोटी. तुमच्यापैकी एकटीच मला पाहायला आली आणि तिलाच तू कोंडून ठेवलंस. माझी तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मीही तिला आगाऊ म्हटलं, त्याचा राग वेगळा, तो माझ्यावर.

उद्या ती येईल. विचारत नाही, सांगतेय. त्या वयाच्या मुलांना घेऊन नाटकाआधी जेवायला जागा कशी असावी, तर जवळ असावी, पटकन मिळावं आणि पोट भरावं. शिस्त इतर दिवशी लावावी. दोघांना सूप-पावाच्या दुकानात ने. बटाटे तळून देतो तो, मी सांगून ठेवलंय. तूही उभ्याने खा, दात पडणार नाहीत.

तिसऱ्या रांगेत खुर्च्या दोनच आहेत. चिमणीची जागा मी दिग्दर्शकांशी भांडून दुसरीकडे केली आहे. विंगेत, माझ्या जुन्या स्टुलावर, हातात संहिता घेऊन.

कळावे. लोभ करायचा की नाही ते पडदा उघडल्यावर खुर्च्या बघून ठरवीन.

तुझी ताई

ता. क. तिला म्हणावं, या वेळी हळू.