जावाच्या कट्यारींना तेल कोणी लावायचं

मी, श्रीमती विजयमाला नागोराव हंबर्डे, वय ७४, राहणार कोथरूड, पुणे, पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या अक्षरात माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते, ती येणेप्रमाणे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढचं वाचून माझा मुलगा साईनाथ याला शंका येणारच.

१. राहता फ्लॅट माझा नाही. माझे यजमान कै. नागोराव यांनी आपल्या मृत्युपत्राने तो साईनाथला दिला. मला तीन कट्यारी दिल्या. जावा बेटावर सूतगिरणीत इंजिनिअर असताना त्यांनी त्या आणल्या होत्या. नागमोडी पात्यांच्या, तिकडे त्यांना केरिस म्हणतात. मलाच का, तेही लिहिलं होतं : "तिचा हात तेलाला बसलेला आहे." संसाराचं हे प्रशस्तिपत्र वकिलांनी सर्वांसमोर वाचून दाखवलं.

२. शिलाई मशीन आणि पोस्टातली बचत भाची निशा हिला. पाटल्या सून अपेक्षाला. मोडल्या तरी माझी हरकत नाही.

३. कट्यारींविषयी. एकदा वर्तमानपत्रात यजमानांचा फोटो आला, हातात पातं आणि खाली "वारसा जपणारे हात". त्या हातांनी तेलाची बाटली कधी उघडली नाही. मी फोटोत नाही, मी बातमीदाराचा चहा करत होते.

महिन्याच्या चार दिवसांत बाईने पात्याला शिवायचं नाही, असा नियमही त्यांनी काढला. जावात तसं असतं की नाही, देव जाणे. पहिल्याच पावसाळ्यात पात्यांवर लाल ठिपके आले आणि नियम निमूट रद्द झाला. तेवढीच सुटी होती, तीही गेली.

साईनाथने लग्नात एक कट्यार कमरेला खोचली. सगळ्यांनी हात लावून पाहिली, घामाचे डाग पडले. दुसऱ्या दिवशी बाहेर सत्यनारायण चालू होता आणि मी मोरीत बसून पात्यावर लिंबू चोळत होते.

४. गेल्या महिन्यात मी साईनाथला म्हटलं, "माझी बोटं आता वळत नाहीत रे. या कट्यारींचं काय करायचं?"

मोबाइलमधून मान न काढता तो म्हणाला, "अगं आई, त्यात काय एवढं? अपेक्षाला दाखवून ठेव ना."

अपेक्षा नुकतीच ऑफिसातून येऊन पोळ्या लाटत होती. ती "बरं" म्हणाली. ते "बरं" मी ओळखते. नवी नवरी असताना मीही तसंच म्हटलं होतं.

५. सबब तिन्ही कट्यारी साईनाथला, या अटीवर की तेल त्याने स्वतः लावायचं. जुनं तेल सुती कापडाने पुसावं. गंज असेल तर लिंबाचा रस चोळून, धुऊन, पातं पूर्ण कोरडं करावं. मग शिलाई मशीनच्या तेलात चंदनाच्या तेलाचे थेंब घालून मऊ ब्रशने पातळ हात द्यावा. खोबरेल लावू नये, ते चिकट होऊन बसतं. टोक खाली करून निथळू द्यावं, मगच म्यानात घालावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आत दमट होतं. पावसाळ्यात हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. नुसतं वाचूनच कंटाळा आला असेल, तर माझं नाव आठवावं.

६. ज्या दिवशी तेलाची बाटली अपेक्षाच्या हातात दिसेल, त्या दिवसापासून तिन्ही कट्यारी तिच्या, संपूर्ण मालकीहक्काने. तिने त्या विकाव्यात, कोणाला द्याव्यात किंवा बाल्कनीत गंजत ठेवाव्यात. कोणीही चकार शब्द काढू नये. देखरेख समोरच्या ललिताबाई करतील. आमच्या घरातलं त्यांना नाहीतरी सगळं दिसतंच.

७. मध्यंतरी अपेक्षा म्हणाली, "आई, मला शिकवा ना, तुमचे हात दुखतात." मी तिच्यावर खेकसले आणि तिला खोलीबाहेर घालवलं. सासू खाष्ट आहे असं तिला वाटलं असेल. वाटू दे. हे काम एकदा यायला लागलं की जन्मभर करावं लागतं, म्हणून मी ते तिला शिकवलं नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द खोडायचा नाही.

सही : विजयमाला नागोराव हंबर्डे

साक्षीदार :
१. ललिता मोकाशी, कोथरूड
२. डॉ. श्याम देवस्थळी, वारजे

स्थळ : पुणे
दिनांक : १९ जुलै २०२४