ओळखीच्यांसाठीचा दर

एर्बिल, १ मे २०१८

प्रिय मियासास, इब्तिहालचा सलाम वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मोसुलला निघालेल्या टॅक्सीवाल्याच्या हाती देतेय. आम्ही बरे आहोत, नूर भिंत धरून चालायला लागली.

रमजानच्या आत आपल्या नदीकाठच्या घरी परतायचं ठरलंय. मोसुल सोडून पळताना दाएशच्या अतिरेक्यांनी घरात सुरुंग पेरलेत का, ते मियासा तपासून देईल असं मी यासिरला छातीठोकपणे सांगितलं, आणि तू त्याच्याकडे, माझ्या नवऱ्याकडे, दोन लाख दिनार मागितलेस! अगं, शाळेत आपण एका डब्यात जेवलो. गेल्या वर्षी ओळखीच्यांची सात घरं फुकट तपासलीस, आणि नेमकं आमच्या वेळी दुकान उघडलंस? यासिर म्हणतो, तुझी मैत्रीण बाईसाहेब झाली, शुक्रवारी मीच काठी घेऊन शिरतो. त्याला अडव, नाहीतर दर उतरव.

भांडले तरी तुझीच,
इब्तिहाल

मोसुल, ३ मे

प्रिय इब्तिहाल, सलाम.

पत्र पोचले. मी ठीक आहे.

त्या सातांतले शेवटचे घर हाजिममामाचे; ते तपासताना तो स्फोटात गेला, एवढेच मी सर्वांना सांगितले. ते अर्धे होते. भाची पैसे न घेता आली म्हणजे ती पाहुणी, आणि पाहुणीला चहा नाही हे त्याला सहन होईना. मी पोटावर झोपून जिना तपासत होते. तो मागच्या खिडकीतून स्वयंपाकघरात उतरला. मी ओरडून त्याला बाहेर हो म्हटले. त्याने उलट विचारले, की साखर किती घालू.

साखरेच्या कपाटाच्या दाराला सुरुंगाची तार होती. धड भिंतीवर उडाले. उजवा हात मला हौदात मिळाला, अंगठीवरून ओळखला. चेहरा मिळालाच नाही. मामीला मी बंद पेटी दिली.

तेव्हापासून मी ओळखीच्यांकडूनच पैसे घेते. आमच्या सुरुंग काढणाऱ्या संस्थेच्या यादीतली अनोळखी माणसे दोन दिवस गल्लीच्या तोंडाशी मुकाट थांबतात. ओळखीची थांबत नाहीत. पैसे दिले, की मी कामाची बाई. मग माझ्यासाठी कोणी चूल पेटवायला जात नाही.

काठीने तार दिसत नाही. यासिरला घरात पाठवू नकोस. फुकट मी येणार नाही.

माया आहे ती असू दे.
मियासा

एर्बिल, ६ मे

लाडक्या मियासास, सलाम.

तुझं पत्र यासिरला मोठ्याने वाचून दाखवत होते. हौदातल्या हाताच्या ओळीपाशी आले आणि पुढे वाचवेना. उरलेलं त्याने वाचलं. शुक्रवारी तो गेला नाही.

बांगड्या मोडून दोन लाख सोबत पाठवतेय. पण तो धुमसतोय. म्हणतो, बहिणीसारख्या पोरीला पैसे मोजायचे आणि स्वतःच्याच दाराबाहेर उभं राहायचं, मी काय भाडेकरू आहे? तिकडे तो येणारच. सांभाळून घे त्याला.

तुझी काळजी वाहणारी,
इब्तिहाल

मोसुल, १२ मे

प्रिय इब्तिहाल, सलाम.

पैसे मिळाले. काम काल संपले. तीन सुरुंग मिळाले: तिसऱ्या पायरीखाली, न्हाणीच्या उंबऱ्यात आणि तुमच्या कपड्यांच्या पेटीत. फौजेच्या तुकडीने तिन्ही जागच्या जागी उडवले. जिना राहिला नाही, न्हाणीही नाही.

यासिर परवा सकाळपासून कोपऱ्यावर मला शिव्या देत उभा होता. दुपारी आईचा फोटो आणतो म्हणत मी घराभोवती बांधलेली धोक्याची दोरी ओलांडून आला. मी दार अडवून उभी राहिले. त्याने तोंडावर ठोसा मारला, मग दुसरा. मी पडले. त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि गल्लीतल्या पहाऱ्यावरचे शिपाई येईपर्यंत सोडला नाही. तो लाथा घालत होता. माझा एक दात गेला, एक बरगडी मोडली.

मग त्याला दारातूनच पायरीखालची तार दाखवली. तो उभा होता तिथून सहा पावले. तो स्वतःहून दोरीबाहेर जाऊन बसला.

नंतर दंतवैद्याचे पैसे देऊ लागला. मी घेतले नाहीत. कामाच्या परक्या बाईवर त्याने हात उचलला नसता. तो मार घरच्या माणसाला होता, त्याचे मी पैसे लावत नाही.

पोरीला घेऊन घरी या. तुझ्या दिराचे घर तपासायचे राहिले आहे. त्याला दर सांगून ठेव.

तुझी,
मियासा