फुकटातला पत्ता

फ्रायबुर्ग, ४ मार्च २०१९

ती. वाल्ट्राउटताईस,
सा. न. वि. वि. आणि वर एक मिठी.

तू ईमेल वापरत नाहीस आणि फोनवर हे माझ्याच्यानं बोलवणार नाही, म्हणून हा कागद.

आईच्या वाढदिवसासाठी घरचे जुने फोटो मी एका साइटवर चढवले. फुकट आहे. तू लगेच विचारशील, मग ती माणसं खातात काय? आपले चेहरे खातात, ताई, एवढं मलाही कळतं. पण अल्बम झकास लावून देतात. इंटरनेटवरच्या नकाशात स्वतःच्या घराचा फोटो पुसट करून घेतलेल्या बाईला हे पटायचं नाही, ठाऊक आहे.

तर त्या साइटनं आपल्या हेनिंगच्या शाळेतल्या फोटोशेजारी एका परक्याचा फोटो ठेवला आणि विचारलं, हे दोघे एकच का? कुणीतरी आठवडी बाजारात काढून सगळ्यांना दिसेल असा टाकलेला. चीजचा ठेला, दाढी, खांद्यावर एक चिमुरडी. ताई, तो हेनिंगच आहे. बापाशी भांडून गेलेला तुझा मुलगा सुखरूप आहे. मी ओक्साबोक्शी रडले.

फोटो सोबत आहे. गावाचं नावही साइटनं सांगितलंय. तू हो म्हण, उलट टपाली कळवते.

धाकटीवर लोभ आहेच, आता हवं तर रागव.
तुझी इर्मेला


ल्यूबेक, ९ मार्च

चि. इर्मेलास,
अ. उ. आ.

फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. कॉफी दोनदा निवली. पोरीचे कान रोल्फसारखे पुढे आलेत. मेल्यावरही नवरा हजर! आणि मी आजी झाले हे मला एका फुकट्या साइटनं कळवावं.

गावाचं नाव लिहू नकोस.

तुला एक सांगितलं नव्हतं, लाज वाटली. रोल्फ गेल्यावर मी रहिवासी नोंदणीच्या कचेरीत हेनिंगचा पत्ता मागायला गेले होते. एरवी थोडी फी भरली की देतात. खिडकीतल्या बाईनं हळूच सांगितलं की या माणसाची माहिती कुणालाही देता येणार नाही. तसा बंदोबस्त उगाच मिळत नाही, कारण दाखवावं लागतं. रोल्फ त्याला काय काय धमक्या द्यायचा, तूही ऐकल्यास. म्हणजे पोरगं आपल्याच घराला भिऊन लपलंय. कचेरीनं जे राखलं ते मी बाजारातल्या फोटोवरून मोडू? मी अचानक ठेल्यापुढे उभी राहिले आणि त्यानं आधी त्या पोरीला जवळ ओढलं, तर मला सोसणार नाही.

मला तो हवाय गं. फार हवाय. म्हणूनच सांगते, लिहू नकोस. कळलं तर मी जाईन. आणि आपले फोटो त्या साइटवरून काढ, त्याचे तर आधी काढ.

आईला माझा नमस्कार सांग. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वाल्ट्राउट


फ्रायबुर्ग, १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि., पण कपाळाला आठ्या घालून.

फोटो काढले. तू आता तुझी तत्त्वं उशाशी घेऊन नीज.

एवढंच सांग, त्यानं यायचं ठरवलं तर यावं कुठे? रोल्फ गेल्याचं तरी त्याला कुठून कळणार? त्याच्या लेखी तो राक्षस अजून तुझ्या शेजारी बसलाय. जुनं घर तू विकलंस. तुझा नंबर आई आणि मी सोडून कुणाकडे नाही. तो लपला ते भीतीनं. तू कशापायी लपलीस? त्याचा पत्ता तुला नको, ठीक. पण तुझा पत्ता लपवायला कुणी सांगितलंय? तोही कुलपात का?

चिडून लिहिलंय, पण माया आटलेली नाही.
इर्मेला


ल्यूबेक, २ मे

चि. इर्मेलास,
अ. उ. आ. आणि उशिराबद्दल कान पकडते.

तुझं पत्र वाचून आठवडाभर तुझं तोंड पाहायची इच्छा नव्हती. मग शेजारच्या श्टूबेबाईच्या नातीला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि टेलिफोनच्या यादीत नाव घातलं. नुसतं माझं. रोल्फचं नाव शेजारी नाही, हे पाहून हेनिंग काय ते समजेल. पोरीनं विचारलं, फुकटातल्या बाकीच्या साइट्सवरही टाकायचं का? म्हटलं, टाक. पूर्ण नाव, रस्ता, घर क्रमांक, जन्मतारीख, वर माझ्या थोबाडाचा फोटो. खालच्या दाराच्या घंटीवर नुसती आद्याक्षरं होती, तिथेही आता पूर्ण नाव आहे.

त्याची किंमत रोज मोजतेय. वाइनवाले, लॉटरीवाले, विमावाले, सगळ्या जर्मनीला माझी काळजी लागलीय. श्टूबेबाई म्हणते, अनोळखी नंबर उचलूच नका. मी उचलते. एकूण एक उचलते. पुढचा माणूस काही विकतोय हे कळलं तरी लगेच ठेवत नाही, न जाणो, धीर गोळा करायला कुणी असंच काहीतरी बोलत असेल. काल एक जण जिन्याला बसवायची, म्हाताऱ्यांना वर नेणारी खुर्ची विकत होता. आवाज तरुण होता. त्याचं संपेपर्यंत ऐकलं आणि मग विचारलं, बाळा, तू जेवलास का?

लोभ ठेव, पण यापुढे फोन थोडक्यात आटपत जा. लाइन मोकळी हवी.
तुझी वाल्ट्राउट