हुकाची चीर आणि माझी जीभ

तीर्थरूप शरणप्पा मामांना अर्पिताचा शरणार्थ.

गुडघ्याचं ऑपरेशन कसं आहे? मामींनी चालायला लावलं की नाही? (लावलं असणारच.) आमच्याकडं सगळे हातापायानं धड आहेत, मनांचं विचारू नका. रुद्रेशच्या लग्नाला तुम्हाला येता आलं नाही, म्हणून झालेला प्रकार माझ्याकडूनच ऐका; बाकीचे सांगतात त्या हकिकतीत मी चेटकीण आहे.

मी पुण्यात धातूच्या थकव्यावर संशोधन करते. म्हणजे लोखंडाची कांडी मशीनवर लावायची, सारखी वाकवायची आणि ती कशी मोडते ते बघायचं. (नीलम्मा आज्जीनं विचारलं होतं, "मग पुन्हा जोडतं कोण?" कुणीच नाही म्हटल्यावर तिनं माझ्या पगाराबद्दल देवाचे आभार मानले.) लोखंड एका दणक्यानं क्वचितच मोडतं. रोजच्या बारीक हिसक्यांनी त्यात केसाएवढी चीर पडते, ती गुपचूप वाढते, आणि एके दिवशी वजन नेहमीचंच असूनही ते तुटतं. लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांच्या ट्रॉलीच्या हुकाला, ट्रॅक्टरला जोडतात तिथंच, मला तशी चीर दिसली. बाबांना दाखवली, तर भरल्या मांडवात म्हणाले, "लोखंड थकतंय व्हय? मग त्याला रजा दे!" सगळे हसले. मी म्हटलं, "बाबा, ह्यात माणसं बसवू नका, हा तुटणार." एवढंच. पण हे भावकीतल्या सगळ्या बायकांनी ऐकलं.

नवरदेव जीपमधून पुढं गेला आणि भावकी ट्रॉलीत बसली. मीही बसले, कारण दुसरं वाहन नव्हतं आणि सख्ख्या भावाचं लग्न होतं. तुळजापूरच्या अलीकडच्या चढावर कडाक् असा आवाज झाला. ट्रॅक्टर बाबा चालवत होते, पण त्यावर गाणी एवढ्या जोरात लावलेली की त्यांना पत्ताच नाही. ते एकटेच चढून गेले, आणि आम्ही मागं घसरत रस्त्याकडेच्या तुरीत. मी आज्जीला घट्ट धरलं होतं. तुटण्याचं कारण ठाऊक असल्याचा अशा वेळी काडीचाही उपयोग होत नाही, एवढं कळलं. रानाला नुकतंच पाणी दिलेलं होतं, त्या चिखलानं चाकं धरली. कुणाला खरचटलंही नाही.

तिकडं बाबा कार्यालयाच्या दारात ऐटीत उतरले. बँड सुरू झाला, सोयरे गुलाबपाणी घेऊन पुढं आले. मग बाबांनी मागं वळून बघितलं. फेटा सारखा करत ते सोयऱ्यांना म्हणाले, "आमच्या माणसांना पायी यायची लई हौस!"

आम्ही चिखलानं माखून पोचल्यावर लगेच न्याय झाला. काकू म्हणाली, "पोरगी बोलली आन् तुटलं. जिभंवर तीळ हाय हिच्या." (आरशात बघितला. नाही.) नुसत्या बोलण्यानं लोखंड तुटत असतं तर आमच्या कॉलेजनं एवढं महाग मशीन कशाला घेतलं असतं, असं मी विचारलं. कुणाला पटलं नाही. आता मी कुठं गेले की बायका शिलाई मशीन झाकतात. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, मी शेजारी बसलेली असताना आईला सांगतात, "तिला भाजी वाढ."

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
अर्पिता

ता. क. पत्र मामींना वाचून दाखवायला हरकत नाही. इथपर्यंतच.

आणखी ता. क. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, भावकीला रानात जेवायला न्यायला बाबा रविवारी तुमची ट्रॉली मागायला येणार आहेत. तुमच्या हुकाबद्दल मी एक शब्दही बोलत नाही. तुम्ही फक्त काठी टेकत अंगणात जा, डिझेलच्या फडक्यानं तो पुसा, आतल्या बाजूनं बोट फिरवा, आणि नख अडकलं तर ट्रॉली देऊ नका. कारण काहीही सांगा, माझं नाव तेवढं घेऊ नका. फोनच केला असता, पण तुमचा फोन मामी स्पीकरवर लावतात.