मनीचं बिऱ्हाड

३ फेब्रुवारी, मंगळवार
मीटर रूममधून चिरकल्यासारखा आवाज. वाटलं वायर जळतेय. वॉचमनला बोलावून दार उघडलं, तर जुन्या बॅनरच्या गुंडाळीत मनी, आणि पोटाशी तीन पिल्लं. डोळे आत्ताच उघडलेली. तरीच बाईसाहेब आठ-दहा दिवस जेवायला फिरकल्या नाहीत. माझ्यावर फिस्कारली! वर्षभर बांगड्याची डोकी मी घालतेय हिला. राग आला, मग हसू आलं.

अरविंदला सांगितलं. "घरात आणायचं नाही," एवढंच म्हणाला. बायको काय सांगतेय यापेक्षा मॅच महत्त्वाची.

४ फेब्रु., बुध.
सेक्रेटरींनी जिन्यात गाठलं. सोमवारी मीटर बदलायला माणसं येणार. "वहिनी, खायला तुम्हीच घालता ना? मग रविवारपर्यंत तुम्हीच बघा. नाहीतर माझा माणूस गोणीत भरून खाडीपलीकडे सोडून येईल." हे हसत हसत. यांना कोणी गोणीत भरायला हवं.

पिल्लांचे फोटो सगळ्या ग्रुपवर टाकले. बदाम आले ढीगभर. घेतो म्हणणारा एक नाही.

५ फेब्रु., गुरु.
माणिकपूरला ऑफिसात लक्ष नाही. प्रतिज्ञापत्रात पक्षकाराच्या वयाच्या जागी "दहा दिवस" टाइप केलं. वकीलसाहेबांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

संध्याकाळी गेटवर कल्पनाकडून गजरा घेतला. रोज घेते, पण आज रडकुंडीला आले होते, तिने विचारलं आणि मी सगळं ओकले. ती गजरा ओवत ओवतच म्हणाली, "मग आना की आमच्या वाडीत. उंदरांनी पार वैताग आनलाय. पंपाची खोली रिकामीच हाय." एवढं सोपं होतं? मी सगळ्या जगाला विचारून आले आणि ही इथे रोज बसलेली.

७ फेब्रु., शनि.
पहिल्यापासून लिहिते.

सुकटीच्या वासावर मनी आली. कल्पनाच्या फुलांच्या टोपलीत पिल्लं ठेवली, मागोमाग ती शिरली, वरून जाळी बांधली. इथवर झकास. रिक्षाने निर्मळला, कल्पनाच्या गावी. वाटभर ती इतकी ओरडत होती की रिक्षावाला म्हणाला, "मावशी, पहिलंच बाळंतपण का?"

वाडीत पोचलो. पंपाच्या खोलीत टोपली ठेवली आणि मला तिचं ओरडणं ऐकवेना, मी गाठ सोडली. मागून कल्पना ओरडली, "ताई, आधी दार!" तोवर मनी माझ्या पायांतून बाहेर आणि केळींत गडप. तासभर हाका मारल्या. पिल्लं टोपलीत, आई नाही. माझ्यामुळे. उगाच हौस मला.

८ फेब्रु., रवि.
पुन्हा निर्मळ. केळीखाली "मनी, मनी" करत फिरले, शेजारच्या वाडीतली माणसं बघत होती. बघू देत.

कल्पनाची सासू पिल्लांना शेळीचं दूध पाजते. देवाच्या वातीचा कापूस, दुधात बुडवून तोंडात. दोघं चोखतात. सगळ्यात लहान, काळं, तोंडच फिरवतं. आजी म्हणाल्या, "आयेचा वास नाय ना त्याला." मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी येऊन पुन्हा गेटबाहेर चक्कर. मांजरं परततात म्हणे जुन्या जागी. पण मधे केवढे रस्ते, केवढे कुत्रे.

९ फेब्रु., सोम.
आजचा दिवस लिहिलाच पाहिजे.

दुपारी काळ्याची चौकशी करायला कल्पनाला फोन. उचलला आजींनी. "कल्पना बावखलात उतरलीय. मनी पडले ना पान्यात!" आणि फोन बंद. बावखल म्हणजे त्यांच्या वाडीतलं तळं. साहेबांना "घरचं माणूस बुडतंय" म्हणाले आणि रिक्षात. वाटेत रडले सुद्धा.

पोचते तर कल्पना गुडघाभर पाण्यात, हातात पिठाची चाळणी. मी काठावरून किंचाळले, "मनी कुठंय?" तिने मूठ उघडून दाखवली. "चार गावले. बाकीचे गाळात."

काळे मणी. फुलं धुताना मंगळसूत्राचा दोरा सुटला होता. तुटलं नाही, वाढलं म्हणायचं, हे आजींनी मला तेवढ्यातही बजावलं. इकडे मण्याला मनी म्हणतात हे मला माहीत नाही का? विरारला येऊन बावीस वर्षं झाली. शिवाय आजी "पडले" म्हणाल्या होत्या, "पडली" नव्हे. पण तेवढं ऐकायला डोकं ठिकाणावर लागतं.

हसता हसता तिथेच रडायला आलं. कल्पनाला वाटलं तिच्या मंगळसूत्रासाठी रडतेय. "नका हो ताई, ओवू परत." मग मीही साडी खोचून उतरले, गाळ चाळला. मणी मिळाले बरेच. मनी नाही.

काळ्याने आज चोखलं, पण थोडंच.

१० फेब्रु., मंगळ.
"कोण बुडत होतं?" साहेबांनी विचारलं. "वाचली," म्हटलं. खोटं की खरं, मलाच ठाऊक नाही.

अरविंद आज न सांगता बाजारातून सुकट घेऊन आला. "कल्पनाला दे, खोलीबाहेर ठेवू दे." आणि पुन्हा टीव्ही. बरं वाटलं.

१२ फेब्रु., गुरु.
सकाळी कल्पना गेटवर माझीच वाट बघत होती. फुलंही मांडली नव्हती.

"ताई, एक पिल्लू नाय."

काळं. खिडकीची फळी मोडलीय, तिथून कोणी आत आलं. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, मुंगूस. आजी म्हणतात, मनीच आली; मांजर एकेक पिल्लू उचलून जागा बदलतं. रक्त नाही, ओढाताण नाही, आणि उरलेली दोघं कापसाला तोंड लावेनात, पोटं टम्म. बाहेरची सुकटही संपलीय. पण ती कावळ्यानेही नेली असेल.

"हे फळी ठोकतो म्हनतात. ठोकू का? मांजर तुमची, तुमी सांगा."

ठोकली तर दोघं सुरक्षित, पण आईला वाट बंद. नाही ठोकली तर मुंगसालाही वाट. शनिवारी गाठ मीच सोडली होती, घाईने. आज घाई करायची नव्हती.

"नको ठोकू," म्हटलं.

ती मान हलवून फुलं मांडायला बसली. ऑफिसातून दोनदा फोन हातात घेतला, "ठोक फळी" सांगायला. दोन्ही वेळा ठेवून दिला.

दिवा लावताना देवाकडे काय मागावं कळेना. शेवटी एवढंच म्हटलं, उद्या ती खोली रिकामी निघू दे.